परदेशी वाचकांसाठी बालपुस्तकांची मुखपृष्ठे : एक आढावा

बालपुस्तक एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा दोन कामे होतात. मजकुराचा अनुवाद होतो आणि मुखपृष्ठाचे रूपांतर होते. अनुवादकाचे नाव पुस्तकात छापलेले असते. मुखपृष्ठ कोणी बदलले, का बदलले आणि किती बदलले, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. वास्तविक मूल पुस्तक हातात घेते की बाजूला ठेवते, हे बऱ्याच अंशी मुखपृष्ठ ठरवते. वाचता न येणाऱ्या वयात तर मुखपृष्ठ म्हणजेच पुस्तकाचे नाव असते. मराठीत हा प्रश्न दोन्ही बाजूंनी पाहता येतो. बाहेरची पुस्तके मराठी मुलांपर्यंत कोणत्या रूपात आली, ही एक बाजू. इथली चित्रे आणि गोष्टी परदेशी मुलांपर्यंत कोणत्या रूपात गेल्या, ही दुसरी. दोन्हींचा एकत्र विचार केला तर एक निष्कर्ष ठळकपणे पुढे येतो : अक्षरे, आकार, मांडणी आणि छपाई यांत बदल करणे आवश्यक असते, गोष्टीतले मूल कोण आहे आणि कुठे राहते, हे बदलणे बहुतेक वेळा अनावश्यक आणि अनेकदा अन्यायाचे असते.

रूपांतराचे प्रकार

मुखपृष्ठाचे रूपांतर ढोबळमानाने तीन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात चित्र तेच राहते, फक्त नाव नव्या भाषेत येते. चित्रपुस्तकांत हाच मार्ग रूढ आहे, कारण आतली चित्रे आणि मुखपृष्ठ एकाच हाताची असतात. दुसऱ्या प्रकारात चित्र ठेवून त्यात फेरफार करतात : पार्श्वभूमीचा रंग बदलणे, एखादी वस्तू पुसणे, पात्र मोठे करून मध्यभागी आणणे. तिसऱ्या प्रकारात नव्या चित्रकाराकडून सर्वस्वी नवे मुखपृष्ठ करून घेतात. मोठ्या मुलांच्या कादंबऱ्यांत हा प्रकार अधिक आढळतो, कारण आत चित्रे नसतात किंवा थोडीच असतात.

तिसऱ्या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण हॅरी पॉटरचे. 1997 साली ब्रिटनमध्ये निघालेल्या पहिल्या भागावर थॉमस टेलर यांनी रेल्वेगाडीसमोर उभा असलेला गोंधळलेला मुलगा काढला. पुढच्याच वर्षीच्या अमेरिकी आवृत्तीसाठी मेरी ग्रांप्रे यांनी झाडूवर बसून उडणारा हॅरी काढला. जर्मनीत साबिने विल्हार्म, इटलीत सेरेना रिग्लिएत्ती, फिनलंडमध्ये मिका लाउनिस आणि युक्रेनमध्ये व्लादिस्लाव येर्को यांनी आपापला हॅरी घडवला. प्रौढांना आगगाडीत संकोच न वाटता वाचता यावे म्हणून ब्रिटिश प्रकाशकाने गंभीर छायाचित्रांची वेगळी मुखपृष्ठेही काढली. मजकूर एकच असताना वाचक कोण, याबद्दलच्या प्रकाशकाच्या अंदाजानुसार पुस्तकाचा चेहरा किती बदलतो, हे यातून दिसते.

हा निर्णय सहसा अनुवादक घेत नाही. लेखकाचाही त्यात शब्द चालतोच असे नाही. 1964 पासून इटलीतल्या बोलोन्या शहरात भरणाऱ्या बालपुस्तक मेळ्यासारख्या ठिकाणी अनुवादाचे हक्क विकले जातात आणि तिथे समोरच्या प्रकाशकाची नजर पहिल्यांदा मुखपृष्ठावर पडते. पुढे विक्री विभाग, वितरक आणि मोठे पुस्तक विक्रेते आपले मत देतात. ज्याच्यासाठी हे सारे चालते, ते मूल या साखळीत कुठेच नसते. म्हणून ‘मुलांना हे कळणार नाही’ या आधारावर केलेला बदल हा प्रत्यक्षात मोठ्यांच्या भीतीतून आलेला बदल असू शकतो, हे लक्षात ठेवावे लागते.

छपाईचे गणित

मुखपृष्ठ तेच ठेवण्यामागे कलेइतकेच छपाईचे कारण असते. रंगीत चित्र चार शायांनी छापतात : सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी. प्रत्येक शाईची वेगळी प्लेट लागते. मजकूर केवळ काळ्या शाईत असेल तर भाषा बदलताना एकच, काळी प्लेट बदलावी लागते. बाकीच्या तीन तशाच राहतात. त्यामुळे एकाच वेळी मशीनवर पाच-सहा भाषांच्या आवृत्त्या काढता येतात आणि प्रत्येक प्रतीचा खर्च खाली येतो. छोट्या भाषांना महागडी रंगीत पुस्तके परवडतात ती या सहआवृत्तीच्या पद्धतीमुळे.

नेमके इथेच अनेक मुखपृष्ठे अडतात. पुस्तकाचे नाव निळ्या आकाशात पांढऱ्या अक्षरांत सोडलेले असेल, तर ती अक्षरे म्हणजे चारही प्लेटांतली मोकळी जागा असते. भाषा बदलली की चारही प्लेटा नव्या कराव्या लागतात. नाव चित्रातच रंगवलेले असेल, उदाहरणार्थ दुकानाच्या पाटीवर किंवा पतंगावर, तर चित्रकाराला पुन्हा बसावे लागते. परदेशी हक्क विकण्याचा विचार असलेले प्रकाशक त्यामुळे सुरुवातीपासून नावाची अक्षरे वेगळ्या थरावर ठेवतात आणि चित्रात लिखित मजकूर टाळतात. संगणकावरच्या कामात हे सोपे झाले आहे, पण चित्र देताना थर वेगळे ठेवले नाहीत तर आजही तीच अडचण येते.

देवनागरीची स्वतःची गरज असते. रोमन मोठ्या अक्षरांसाठी आखलेल्या पट्टीत देवनागरी नाव बसवले की वेलांटी, मात्रा आणि रफार वर जातात, उकार आणि काही जोडाक्षरे खाली उतरतात. सगळे पट्टीत मावावे म्हणून अक्षराचा मूळ देह लहान करावा लागतो आणि नाव चित्रापुढे दुबळे दिसते. उपाय दोनच : पट्टी उंच करणे किंवा नाव दोन ओळींत तोडणे. नुसता फाँट बदलून भागत नाही. कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरकारांनी नाटकांच्या जाहिरातींत आणि मासिकांच्या शीर्षकांत दाखवून दिले, की मराठी नावाचा भाव अक्षराच्या वळणातच उतरतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेल्या ‘बलू’सारख्या अक्षरमालेत अनेक भारतीय लिपी आणि रोमन एकाच खेळकर वळणाच्या आहेत. दोन भाषांतल्या आवृत्त्यांना एकच चेहरा द्यायचा असेल तर अशा अक्षरमालांचा उपयोग होतो.

आणखी काही लहान, पण महत्त्वाचे तपशील आहेत. इंग्रजी पुस्तकांच्या कण्यावरचे नाव वरून खाली वाचले जाते, फ्रेंच पुस्तकांचे सहसा खालून वर. देशागणिक पुस्तकाचा प्रचलित आकार बदलतो, त्यामुळे उभ्या चित्राची कड कापली जाते किंवा नवी जागा भरावी लागते. अरबी, उर्दू आणि हिब्रू पुस्तके उजवीकडून उघडतात, म्हणजे आपण ज्याला मलपृष्ठ म्हणतो तिथे त्यांचे मुखपृष्ठ येते.

या शेवटच्या कारणासाठी काही प्रकाशक चित्र सरळ आरशातल्यासारखे उलटवतात. मराठी चित्राच्या बाबतीत हे किती घातक ठरू शकते, ते तपशिलात पाहण्यासारखे आहे. नऊवारी नेसलेल्या बाईचा डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो आणि ती गुजराती पद्धतीचे नेसल्यासारखी दिसते. डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते. जेवणाऱ्या मुलाचा घास डाव्या हातात येतो. डाव्या खांद्यावरचे जानवे उजव्या खांद्यावर जाते. हे अपसव्य पितृकार्यात करतात, तेव्हा मुंजीचे चित्र श्राद्धाचे होऊन बसते. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. परदेशी वाचकाला यातले काही जाणवणार नाही, पण चित्र खोटे झालेले असते. मांडणी उलटवावी, चित्र उलटवू नये, हा नियम म्हणूनच पाळावा लागतो.

मराठी मुलांपर्यंत आलेली मुखपृष्ठे

मराठी मुलांच्या अनेक पिढ्या दुसऱ्या प्रांतांत आणि देशांत काढलेल्या मुखपृष्ठांवर वाढल्या आहेत. ‘चांदोबा’ हे त्याचे ठळक उदाहरण. 1947 साली मद्रासमध्ये तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू झालेल्या या मासिकाची मराठी आवृत्ती 1952 पासून निघू लागली. एम. टी. व्ही. आचार्य आणि पुढे वड्डादी पापय्या यांची मुखपृष्ठे सर्व भाषांत एकच असत; बदलत असे ते मासिकाचे नाव. चित्रांतली देवळे, दागिने आणि वस्त्रे दक्षिणी वळणाची होती. मराठी घरांनी ते मासिक परके मानले नाही.

मुंबईत 1967 साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ने हीच रीत चालवली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांची कामे मराठीसह अनेक भाषांत तशीच गेली. 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालाही याच तत्त्वावर उभी आहे. चित्रे एक, भाषा अनेक, किंमत कमी. मिकी पटेल यांचे ‘रूपा हत्ती’ जसे हिंदी मुलाने पाहिले तसेच मराठी मुलाने पाहिले.

परदेशी मुखपृष्ठांचा सर्वांत मोठा ओघ सोव्हिएत संघातून आला. मॉस्कोतल्या प्रगती प्रकाशनाने आणि 1982 पासून रादुगा प्रकाशनाने मराठी बालपुस्तके मॉस्कोतच तयार केली. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांनी मराठी मजकूर सिद्ध केला आणि मुंबईच्या लोकवाङ्मय गृहाने ती पुस्तके महाराष्ट्रभर विकली. त्यांवर बर्फ होते, केसाळ टोप्या होत्या, भूर्ज वृक्षांची रानेही होती. मराठी मुलासाठी त्यातले काही सौम्य केलेले किंवा बदललेले नव्हते. नाव तेवढे देवनागरीत होते. 1991 साली सोव्हिएत संघ संपला आणि हा ओघ थांबला. ती पुस्तके जपून ठेवणारे वाचक आजही महाराष्ट्रात आहेत. बर्फ कधी न पाहिलेल्या मुलांनी बर्फाच्या मुखपृष्ठांवर जीव लावला, ही गोष्ट या संपूर्ण प्रश्नात मोलाची साक्ष आहे.

‘तोत्तोचान’ची कथा याहून सूक्ष्म आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे पुस्तक जपानमध्ये 1981 साली आले. त्यातली चित्रे चिहिरो इवासाकी यांची. मात्र इवासाकी 1974 सालीच वारल्या होत्या. म्हणजे ही चित्रे या पुस्तकासाठी काढलेली नव्हती, तर त्यांच्या आधीच्या कामातून निवडलेली होती. मूळ मुखपृष्ठावर गडद तपकिरी टोपी घातलेली एक मुलगी आहे. जलरंग कागदावर ओलसर पसरलेले, कडा विरघळलेल्या, आणि त्या सगळ्यात दोन काळे, शांत डोळे. पुस्तकात शाळा म्हणून वापरलेले रेल्वेचे डबे आहेत. विक्रीच्या दृष्टीने मुखपृष्ठासाठी तेच चित्र सर्वांत सोयीचे ठरले असते. तरी मूळ प्रकाशकाने डबे न निवडता मूल निवडले. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आणि इवासाकींच्या चित्रांसह तो महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या घराघरांत गेला. जपानी चेहऱ्याची ती मुलगी मराठीत शिक्षणावरच्या चर्चेचे प्रतीक बनली. तिला मराठी फ्रॉक आणि दोन वेण्या देण्याची गरज कोणाला भासली नाही.

ठाणे जिल्ह्याच्या भिंतींवरून जगात

उलट दिशेचा प्रवास पाहण्यासाठी ठाणे जिल्ह्याइतके बोलके ठिकाण दुसरे नाही. आज ठाणे शहरातल्या खाडीकाठच्या कोलशेतमध्ये उंच गृहसंकुले उभी आहेत; तिथल्या घरांत इंग्रजी चित्रपुस्तके सहज दिसतात आणि नातवंडे परदेशी असलेली आजी-आजोबा मंडळीही भेटतात. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत कोलशेत आणि डहाणू, तलासरी, जव्हार ही वारली वस्तीची गावे एकाच जिल्ह्यात होती. त्या गावांतल्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे परदेशी बालपुस्तकांच्या मुखपृष्ठांपर्यंत पोचली.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे वारली चित्रे कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगापुढे नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 साली त्यांचे निधन झाले. बालपुस्तकांत ही शैली ठसठशीतपणे आणली ती चेन्नईच्या तारा बुक्सने. 1990 च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या, गीता वुल्फ यांच्या भुकेल्या सिंहाच्या पुस्तकात इंद्रप्रमित रॉय यांनी वारली वळणाची चित्रे काढली. हाताने स्क्रीनवर छापलेल्या त्या पुस्तकाला कॅनडातील प्रकाशकाने हजारो प्रतींची मागणी दिली. परदेशी बाजारासाठी मुखपृष्ठ गुळगुळीत केले नाही, उलट हातछपाईचा खडबडीतपणा हेच त्याचे आकर्षण ठरले.

मात्र त्या पुस्तकातला चित्रकार वारली नव्हता. पुढे 2009 साली त्याच संस्थेने क्रियापदांवर आधारलेले एक पुस्तक काढले, त्याची चित्रे रमेश हेंगडी आणि शांताराम धडपे या वारली कलावंतांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी काढली. तपकिरी क्राफ्ट कागदावर पांढऱ्या शाईने छापलेले ते पुस्तक हातात घेतले की भिंतीचा रंग आणि पिठाची रेघ यांची आठवण होते. इथे रूपांतर झाले आहे, पण ते माध्यमाचे : गेरूच्या भिंतीऐवजी तपकिरी कागद, तांदळाच्या पिठाऐवजी पांढरी शाई. दोन त्रिकोणांतून उभी राहणारी माणसे, त्यांची कामे, त्यांचा गाव तसाच राहिला, आणि कलावंतांची नावे पुस्तकावर आली. परदेशी वाचकासाठी केलेल्या चांगल्या रूपांतराचा हा नमुना मानता येतो. गोंड कलावंत भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती यांच्या झाडांवरच्या पुस्तकालाही याच मार्गाने 2008 साली बोलोन्याचा पुरस्कार मिळाला.

मराठी गद्य बालसाहित्य मात्र अजून अशा वाटेवर फार दूर गेलेले नाही. साने गुरुजींच्या 1935 सालच्या ‘श्यामची आई’चा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2021 साली पफिन मालेत आला. अशा पुस्तकाचे नवे मुखपृष्ठ करताना कोणती जबाबदारी येते, हे एका तपशिलावरून कळते. गोष्टीत श्यामचे वडील हयात आहेत; आई सवाशीण आहे. परदेशी चित्रकाराने केवळ नऊवारीतली साधी बाई काढली आणि कपाळ मोकळे सोडले, तर मराठी डोळ्याला ती विधवा दिसेल. कोकणातल्या कौलारू घराऐवजी उत्तर भारतीय सपाट धाब्याचे घर आले तर श्यामचे गाव पालगड नाहीसे होईल. परदेशी मुलाला यातले प्रत्येक चिन्ह कळलेच पाहिजे असे नाही. पण चित्र खरे असेल तर विचारल्यावर उत्तर देता येते.

आक्षेप, वगळ आणि रंग

मुखपृष्ठे बदलण्याची कारणे दर देशात वेगळी असतात. तंबाखू, मद्य, नग्नता, धर्मचिन्हे, काही प्राणी आणि शस्त्रे ही नेहमीची. अमेरिकेत 1947 सालच्या ‘गुडनाइट मून’च्या मलपृष्ठावर चित्रकार क्लेमंट हर्ड यांचे सिगारेट धरलेले छायाचित्र होते, 2005 साली प्रकाशकाने त्यातली सिगारेट संगणकावर पुसून टाकली. बोटांची ठेवण तशीच राहिली. 2007 साली जर्मन चित्रकार रोट्राउट सुझाने बेर्नर यांच्याकडे अमेरिकी प्रकाशकाने धूम्रपान करणारी माणसे आणि संग्रहालयाच्या चित्रातला एक इवलासा नग्न पुतळा काढून टाकण्याची मागणी केली. बेर्नर यांनी गुपचूप वगळण्यास नकार दिला आणि व्यवहार मोडला. ते प्रकरण आतल्या चित्रांचे होते, पण त्यातला प्रश्न मुखपृष्ठालाही लागू पडतो. वगळायचे असेल तर ते कलावंताच्या संमतीने आणि उघडपणे व्हावे.

यापेक्षा गंभीर बदल मुलाच्या रंगाचा असतो. अर्सुला ले ग्विन यांच्या 1968 सालच्या अर्थसी मालेतला नायक तांबूस तपकिरी वर्णाचा आहे. रूथ रॉबिन्स यांच्या पहिल्या मुखपृष्ठावर तो तसा दिसला. पुढच्या अनेक आवृत्त्यांवर तो गोरा झाला आणि लेखिकेने त्याविरुद्ध आयुष्यभर तक्रार केली. 2009 साली जस्टीन लार्बलेस्टिये यांच्या एका कादंबरीच्या अमेरिकी आवृत्तीवर कृष्णवर्णी नायिकेच्या जागी गोरी मुलगी छापली गेली. वाचकांनी आवाज उठवल्यावर प्रकाशकाने मुखपृष्ठ बदलले. गोऱ्या चेहऱ्याचे पुस्तक जास्त खपते, हा समज अशा निर्णयांमागे असतो. भारतीय वाचकाने हा समज परदेशापुरता मानू नये. इथल्या बालपुस्तकांतही राजकन्या गोरी आणि राक्षस काळा, ही सवय जुनी आहे. सावळ्या मराठी मुलीची गोष्ट बाहेर जाताना तिचा रंग उजळला, तर तिची गोष्टच तिच्याकडून काढून घेतली जाते.

परकेपणा वाढवून विकणे ही दुसऱ्या टोकाची चूक. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकवणाऱ्या जॉन लॉकवूड किपलिंग यांचे चिरंजीव रडयार्ड 1865 साली त्याच आवारात जन्मले. 1894 साली त्यांचे ‘जंगल बुक’ लंडनहून निघाले, त्यात वडिलांचीही चित्रे होती. निळ्या कापडी बांधणीवर सोनेरी हत्ती होते. ते देखणे मुखपृष्ठ होते, पण तेव्हापासून हत्ती, वाघ आणि साप म्हणजे भारत, असे समीकरण परदेशी बालपुस्तकांत रुजले. ठाण्याच्या लोकलमध्ये शाळेला जाणाऱ्या मुलीच्या गोष्टीवर मोर आणि कमळे येतात, ती या समीकरणामुळेच. त्यात रंग उजळ दिसतात, पण आजचे मूल हरवते.

कधी बदलामागे कोणतेच कारण नसते, घाई असते. टोल्कीन यांच्या ‘हॉबिट’च्या 1965 सालच्या अमेरिकी स्वस्त आवृत्तीवर बार्बरा रेमिंग्टन यांनी सिंह, एमू पक्षी आणि गुलाबी फळांचे झाड काढले. पुस्तक वाचायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. टोल्कीन यांनी कडक आक्षेप घेतला आणि पुढच्या छपाईत सिंह गेला. मुखपृष्ठकाराला पुस्तक वाचायला द्यावे आणि वाचण्याइतका अवधी द्यावा, ही साधी गोष्ट आजही सर्वत्र पाळली जात नाही.

हक्क आणि श्रेय

भारतीय प्रतिमुद्राधिकार कायदा 1957 चा आहे आणि मुखपृष्ठाच्या चित्रकाराला त्यातली तीन कलमे माहीत असणे हिताचे आहे. कलम 17 नुसार, मोबदला देऊन दुसऱ्याने करवून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कधारक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो. म्हणून करार लेखी हवा. कलम 19 नुसार, हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो फक्त भारत मानला जातो. म्हणजे मराठी आवृत्तीसाठी ज्याचे हक्क अशा मोघम कराराने घेतले, ते मुखपृष्ठ परदेशी आवृत्तीवर आपोआप वापरता येत नाही. कलम 57 कलावंताला दोन विशेष हक्क देते : आपले नाव लावले जाणे, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास दाद मागणे. मालकी विकली तरी हे हक्क उरतात. बर्न करारात सामील असलेल्या बहुतेक देशांत अशाच स्वरूपाचे संरक्षण आहे. लोककलेच्या बाबतीत आणखी एक पायरी येते : वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे, त्यामुळे शैली घेताना समाजाचा उल्लेख आणि शक्य तिथे त्याच समाजातल्या कलावंताला काम, हे उचित ठरते.

मुक्त परवान्याच्या पुस्तकांनी वेगळी वाट काढली आहे. प्रथम बुक्सने 2015 साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या मंचावर कोणालाही गोष्टीचा अनुवाद करता येतो. मुखपृष्ठाचे चित्र नव्या भाषेत जसेच्या तसे जाते आणि लेखक-चित्रकारांची नावे सोबत जातात. एखाद्या मराठी गोष्टीचे परदेशी भाषेतले रूप त्यामुळे मूळ चेहऱ्यासह काही दिवसांत तयार होऊ शकते.

परदेशातली मराठी मुले

परदेशी वाचक म्हणजे केवळ परभाषी वाचक नव्हे. 1981 साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली उत्तर अमेरिकेत मराठी शाळा चालतात. मॉरिशसमध्ये मराठी शाळांतून शिकवली जाते. यांतल्या अनेक मुलांना मराठी ऐकून कळते, पण देवनागरी वाचायला वेळ लागतो. त्यांच्यासाठी चित्र बदलण्याची काहीच गरज नसते. गरज असते ती नावाची अक्षरे मोठी, सुटी आणि स्पष्ट असण्याची, अवघड जोडाक्षरांच्या सजावटी टाळण्याची आणि मलपृष्ठावर दोन ओळींत गोष्टीचा परिचय त्यांच्या वाचनभाषेत देण्याची. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांतल्यासारखी आजच्या मराठी घरांची चित्रे या मुलांना आजी-आजोबांच्या घराशी जोडतात. तिथे दाराबाहेरच्या चपला, कपडे वाळत घातलेली गॅलरी आणि स्वयंपाकघरातला कुकर हेच पुस्तकाचे सामर्थ्य असते.

मराठी प्रकाशकांनी करण्यासारखे

वरील अनुभवावरून कामाची एक पद्धत सांगता येते. मूळ मुखपृष्ठ करतानाच नाव वेगळ्या थरावर आणि शक्यतो काळ्या शाईत ठेवावे. चित्राच्या चारही बाजूंना जास्तीची जागा रंगवून घ्यावी, म्हणजे आकार बदलला तरी डोके किंवा पाय कापले जाणार नाहीत. चित्रकाराशी लेखी करार करून त्यात भाषा, प्रदेश, मुदत आणि प्रत्येक परदेशी आवृत्तीचा मोबदला नमूद करावा. हक्क विकताना परदेशी प्रकाशकाला एक पानी टिपण द्यावे : पात्रांचा वर्ण, वय, वेश, घर, गाव, आणि चित्रातली कोणती चिन्हे बदलली तर अर्थ बदलतो. नवे मुखपृष्ठ छापण्यापूर्वी पाहण्याचा हक्क राखून ठेवावा. उजवीकडून उघडणाऱ्या आवृत्तीत चित्र उलटवू नये, अशी अट घालावी. जे खरोखर बदलले पाहिजे, ते चित्रकाराच्या हातूनच बदलून घ्यावे.

ठाण्याच्या 1893 साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांना या कामात मोठा वाटा उचलता येईल. जुन्या बालपुस्तकांच्या बांधणीत मुखपृष्ठे काढून टाकली जातात आणि त्याबरोबर चित्रकाराचे नावही जाते. दीनानाथ दलाल यांच्यासारख्यांची मुखपृष्ठे, 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे अंक, मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके, एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या भाषांतल्या आवृत्त्या या सर्वांचे मुखपृष्ठांसह जतन आणि सूचीकरण झाले, तर कोणते बदल टिकले आणि कोणते फसले हे पुढच्या चित्रकाराला पाहता येईल. त्या सूचीत ग्रंथनाम, लेखक आणि अनुवादक यांच्या शेजारी मुखपृष्ठकार हा रकाना असावा, आणि तो रिकामा राहू नये.